चारशे वेळा अटक झालेला कडूबा

कडूबा खरातला आजवर चारशेच्या वर वेळा अटक झाली आणि लॉकअपमध्ये एक घटकाही काढावी लागली नाही. ऐकणाऱ्याला वाटावं, गडी मोठ्या वशिल्याचा दिसतोय. वशिला कसला डोंबलाचा! जालन्याला नव्या पोलिसांना शिकवायचं केंद्र आहे. तिथं कडूबा एकोणीस वर्षं रोजंदारीवर झाडांना पाणी घालत होता, आळी करत होता, आणि अटक कशी करायची ते पोरापोरींना शिकवायची वेळ आली की आरोपी होत होता.

त्याची सुरुवातही गमतीची. कायदा शिकवायला रखमाजी मास्तर म्हणून एक हवालदार होते. पोटानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. एके सकाळी मैदानावर दीडशे पोरं रांगेत उभी, आणि आरोपी व्हायला नेमलेला शिपाई तापानं फणफणलेला. मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. कडूबा गुलमोहराच्या आळ्यात खुरपं घेऊन बसला होता.

"ए, इकडं ये. तुला अटक करायचीय."

कडूबाच्या हातातलं खुरपं गळालं. "म्या काय केलं, साहेब?"

मास्तर पोरांकडं वळले. "बघा. यानं पहिलाच प्रश्न बराबर विचारला. आता याला उत्तर कोण देतो?" दीडशे जणांतून एकाचंही तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून कडूबा कायमचा आरोपी झाला.

शाळा त्यानं दुसरीत सोडलेली, अक्षराशी पुढं गाठ पडली नाही. पण कान तिखट. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं. धरणाऱ्यानं आपल्या नावाची पट्टी दिसेल अशी लावावी. का धरलं ते तिथल्या तिथं, समोरच्याला कळेल अशा बोलीत सांगावं. कागद करावा, त्यावर एका भल्या माणसाची सही घ्यावी. घरच्याला कळवावं. वकील मागितला तर भेटू द्यावं, डॉक्टरला दाखवावं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं करावं. आणि पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात कवडीमोलाची. यातलं एखादं पोरगं विसरलं की कडूबा मैदानातच बसकण मारायचा. "उचलून न्या न्यायचं तर. माझ्या पायानं म्या येत न्हाई. तुमी कारणच सांगितलं न्हाई." पोरांना घाम फुटायचा. मास्तर मिश्यांत हसायचे आणि वहीत त्या पोराचे गुण कापायचे.

मागल्या साली कायद्याच्या पुस्तकाचं नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले, शिकवणाऱ्यांची झोप उडाली. कडूबाचं काही अडलं नाही. आकडे त्याला कधी पाठच नव्हते.

दर शनिवारी तो घनसावंगीची एसटी धरायचा, तिथून काळीपिवळी जीपनं तीर्थपुरीच्या पुढं आपल्या गावी. दारात मालनबाई उभी असायचीच.

"सुटले का?"

"सुटलो."

"जामीन कोण राह्यलं म्हणायचं?"

"तुझ्याबिगर कोण राहील?"

चाळीस वर्षांच्या संसारात असा एखादा विनोद पुरतो. पण या खेळानं घरात एक खरंखुरं काम केलं होतं. थोरल्या दोघी लेकी नांदायला गेल्यावर राहिलेला सूरज लहानपणापासून बापाच्या तोंडून हेच ऐकत वाढला. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, गरिबाला धरायचं तरी सांगून धरावं लागतं, हे त्या घरात भिंतीवरच्या तसबिरीइतकंच पक्कं होतं. सूरजनं पोलीस व्हायचं मनावर घेतलं. दोन भरत्या हुकल्या. तिसऱ्या खेपेला मैदान निघालं, लेखी निघाली, यादीत नाव आलं. राहिली होती फक्त चारित्र्याची पडताळणी. नावावर एकही गुन्हा नको, बस्स.

एक गुन्हा म्हणजे काय ते कडूबानं डोळ्यानं पाहिलं होतं. केंद्रात शिकायला आलेलं चांगलं उंचपुरं पोरगं, तिसऱ्याच आठवड्यात डोक्यावर ट्रंक घेऊन गेटाकडं चाललं होतं. गावच्या कुठल्या भांडणात त्याचं नाव होतं म्हणे. त्यानं कडूबाजवळ पाणी मागितलं, तांब्या तोंडाला लावला आणि त्याला ते पिताच आलं नाही. कडूबा ते पोरगं विसरला नव्हता.

आणि यंदाच्या उन्हाळ्यात गावाकडच्या चार विहिरींवरून मोटारींची केबल गेली. तांब्यासाठी नेतात मेले. पोलिसांनी एक पोरगं धरलं, त्याला पट्टा दाखवला, आणि त्यानं सोबतीची दोन नावं ओकली. दुसरं नाव सूरज खरात. का, तर चोरी झाली त्या शनिवारी सूरज दाखला न्यायला एका दिवसापुरता गावी आला होता आणि त्या पोराला पारावर दिसला होता. मार खाणाऱ्याला जे तोंड आठवतं ते तो सांगतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शनिवारी दुपारी कडूबा जेवायला बसला होता, तेव्हा दाराशी पोलिसांची गाडी थांबली. भागवत नावाचे फौजदार उतरले. वय असेल पस्तिशीचं, बोलणं गोड.

"सूरज कुठंय?"

सूरज संभाजीनगरला एका गोदामात काम करत होता, तिथंच तिघं पोरं खोली करून राहायची. कडूबा म्हणाला, "कामाला गेलाय. पत्ता न्हाई ठाऊक."

"नंबर?"

"मला लिहितावाचता येत न्हाई, साहेब."

"मंग चला. पोरगं आलं की सोडतो."

कडूबा हात धुऊन उभा राहिला आणि सवयीनं म्हणाला, "कारण सांगा."

फौजदारांनी त्याला खालून वर पाहिलं. "ठाण्यात सांगतो." एकानं दंड धरला. मैदानात कडूबा इथंच बसकण मारायचा. पण गल्लीत बायापोरं जमली होती, मालनबाई चौकटीला धरून उभी होती. तो आपल्या पायानं गाडीत चढला.

ठाण्याचं नाव सांगण्यात हशील नाही. पडवीत एक लाकडी बाकडं, त्याच्यावर भिंतीला हिरवा फलक: अटक केलेल्या माणसाचे हक्क. कॅमेरा होता, त्याचं तोंड गेटाकडं. कडूबाला बाकड्यावर बसवलं. तास झाला, दोन झाले. मग त्यानं जाणाऱ्या फौजदारांना हात जोडून, पण चढत्या आवाजात सगळं म्हणून दाखवलं. कारण सांगा, कागद करा, घरच्याला कळवा, डॉक्टर, चोवीस तास. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

भागवत साहेब थबकले. "हे कुठं शिकलास? किती वेळा आत गेल्तास?"

पोरासाठी बोलला तेवढंच, एरवी खोटं बोलायची कडूबाला सवय नव्हती. "चारशे वेळा, साहेब."

सगळं ठाणं हसलं. साहेब हसले नाहीत. ते जवळ येऊन बाकड्याच्या कडेला टेकले आणि घरच्या माणसाला समजवावं तसं म्हणाले, "हे बघा बाबा. तुमचं सगळं बराबर हाय. एक अक्षर चुकलं न्हाई. पण हे सगळं कुणाला? अटक केलेल्याला. तुमाला अटक कुठं केलीय? तुमी बसलाय नुसते."

एकोणीस वर्षांत कडूबाला कुणी नुसतं बसवलं नव्हतं. मास्तरांच्या पाठात माणूस एकतर मोकळा असायचा, नाहीतर अटकेत. हे मधलं बाकडं कुठल्याच पाठात नव्हतं.

साठीपुढच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात आणायचंच नसतं, घरी जाऊन विचारायचं असतं, असा नियम आहे बरं का. कडूबा चौसष्टचा. पण तो नियम साक्षीदाराच्या पाठातला, आणि मैदानात साक्षीदार व्हायला खानावळीतली कौसल्याबाई यायची. तेवढा वेळ कडूबा झाडांना पाणी घालायचा.

रविवारी सकाळी पाळी बदलली आणि एक तरुण शिपाई मुलगी वही काखेत धरून पडवीत आली. त्याला बघून तिथंच थांबली. "कडूबाकाका? तुम्ही?"

ती पायल. तीन वर्षांमागं तिनं मैदानात कडूबाला अशी अटक केली होती की मास्तरांनी सगळ्या तुकडीपुढं तिची पाठ थोपटली. एकही गोष्ट विसरली नव्हती. कडूबाचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिला हळूच सगळं सांगितलं. पायल ऐकत राहिली. साक्षीदाराचा पाठही तिनं केला होता, नव्या कायद्यातला साठीचा नियमही तिला ठाऊक होता. तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं, मग वहीकडं.

"डायरीत तुमची नोंदच नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही इथं आहात असं कागदावर कुठंच नाही."

"मंग तू लिही की."

नोकरी पायललाही होती, धाकटा भाऊ तिच्याच पगारावर शिकत होता. तिनं कडूबाला चहा आणून दिला, पंखा त्याच्याकडं वळवला, आणि आत जाऊन बसली. वाईट पोरगी नव्हती ती. पण कडूबाला तिचा फार राग आला. भागवतांचाही एवढा आला नव्हता.

दुपारी मालनबाई भाकरीचं फडकं घेऊन आली. गेटावर दीड तास उभी केली तेव्हा आत सोडली. ती कानाशी लागून म्हणाली, "फोन पिठाच्या डब्यात घातलाय. काल एक शिपाई इचारून गेला, म्या म्हणलं फोन मालकाजवळ हाय."

"सूरजचा आल्ता का?"

"आल्ता डबा वाजवत. म्या उचलला न्हाई. उचलला असता तर रडू आलं असतं न मला."

कडूबानं भाकरी मोडली, पण घास फिरू लागला. अंगाला त्याच्या कुणी बोटही लावलं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. फक्त लघवीला जायचं तरी विचारून जायचं आणि परत बाकड्यावर. मारलं असतं तर वळ दाखवता आले असते. बसण्याचे वळ कुठं दाखवायचे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि फौजदारांना तरी पोरगं शोधायला पायपीट कोण सांगतंय. म्हातारा बसवायला एक बाकडं पुरतं.

सोमवार उजाडला. केंद्रात झाडं वाळत असतील, हजेरीला खाडा पडत असेल, हे त्याच्या मनात येऊन गेलं. कंबर धरली होती. भागवत साहेब दाढी करून, अत्तर लावून आले आणि जाता जाता म्हणाले, "आज तुमच्या मालकीणबाईला बी बोलावून घेऊ. दोघं सोबत बसा."

तिथं कडूबाच्या आत काहीतरी तुटलं. तुटलं आणि दुसऱ्याच क्षणी डोकं चालू लागलं. कायदा तर सगळा अटकेच्या आत आहे, त्यानं विचार केला. डॉक्टर आत, वकील आत, न्यायाधीश आत, चोवीस तासांचं घड्याळही आतच. आत शिरायला दार एकच, आरोपीचं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ती पायरी गाठल्याशिवाय यांच्या तावडीतून सुटका नव्हती. तिसरा गडी त्यांना पाहिजे ना? मिळाला. उद्या न्यायाधीशापुढं हात जोडून सांगू, दोन दिवस बसवून ठेवलं म्हणून बोललो. पोलिसापुढची कबुली कवडीमोलाची, हे तर मास्तर ओरडून सांगायचे. नोकरी जाईल. पोलिसांच्या आवारात आरोपीला कोण ठेवील? जाऊ दे. चौसष्ट वर्षं झाली, बास झालं. सूरजचं नाव कोरं राहील.

तो उठला आणि न विचारता साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला.

"केबल म्या चोरली. सूरजचा काही संबंध न्हाई. मला अटक करा."

म्हातारा खोटं बोलतोय हे भागवतांना कळलं नसेल असं नाही. पण तिसऱ्या आरोपीविना तपास अडला होता आणि वरून रोज विचारणा होत होती.

"पायल, फॉर्म घे," ते म्हणाले. "यांचे सगळे कायदे बराबर पाळ बरं का. एक बी सोडू नको."

पायल समोर बसली. कडूबा दोन दिवसांत पहिल्यांदा ताठ उभा होता. पाय जुळवलेले, हात मागं, नजर समोर. ओळखीच्या जमिनीवर पाऊल पडल्यासारखं त्याला वाटलं. ती विचारत गेली, तो सांगत गेला.

"पूर्ण नाव?"

"कडूबा रावसाहेब खरात."

"वय?"

"चौसष्ट."

"अटकेचं कारण समजलं?"

"समजलं."

"वकील पाहिजे?"

"पाहिजे."

"कुणाला कळवायचं? नाव, नातं, नंबर."

"सूरज कडूबा खरात, मुलगा," कडूबा म्हणाला आणि त्याच दमात दहाही आकडे बोलून गेला, दोन दोन करत, स्पष्ट, लिहिणाऱ्याला मागं पडू न देता. दोन दिवस जो नंबर त्यानं ओठाबाहेर येऊ दिला नव्हता तो. पोराच्या हातात मोबाईल आल्यापासून मैदानात प्रत्येक वेळी तो हाच नंबर सांगत आला होता. तोंडाला वळणच पडलेलं. शेवटचा आकडा बाहेर पडला आणि मग त्याला कळलं.

पायलचं पेन आठव्या आकड्यावर थांबलं होतं. पुढचे दोन तिनं लिहिले नाहीत. पण फौजदारांना कागदाची गरज नव्हती. ते ऐकता ऐकताच मोबाईलवर आकडे दाबत होते.

"कळवायला पायजे," ते म्हणाले. "कायदाच हाय तसा."

स्पीकर लावून त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. दुसऱ्याच रिंगला सूरज बोलला. फौजदारांनी ठाण्याचं नाव सांगितलं, म्हणाले, तुझे वडील इथं हायेत, चोरीत त्यांना अटक चाललीय.

"माझ्या बाबांना?" सूरजचा आवाज फाटला. "साहेब, बाबांनी काही केलं नसंल. म्या निघालोच. त्यांना काही करू नका."

"सूरज, येऊ नगंस," कडूबा टेबलावर वाकून म्हणाला. "पोरा, ऐक, इकडं येऊच नगंस." पण साहेबांचा अंगठा आधीच लाल बटणावर पडला होता.

मग भागवतांनी पायलच्या हाताखालचा फॉर्म ओढला, दोन वेळा फाडला आणि टोपलीत टाकला. "जा बाबा घरी. तुमाला अटक न्हाई."

"म्या चोरली म्हणलं ना, साहेब."

"म्हातारपणी कशाला खोटं बोलता? जा. कुणी धरलंय तुमाला?"

कडूबा ठाण्याबाहेर आला. दोन दिवस ज्या मोकळीकीसाठी जीव तळमळला ती अशी कुत्र्यापुढं टाकल्यासारखी मिळाली. आता ती घेऊन करायचं काय? सूरज कुठल्या रस्त्यानं येईल हे ठाऊक नव्हतं. एसटीनं येईल, जीपनं येईल, कुणाची मोटारसायकल मागून येईल. रस्त्यावर जावं तर दुसऱ्या वाटेनं निघून जाईल. टपरीवाल्याकडून त्यानं फोन मागून लावला, दोनदा, तीनदा. सूरज उचलत नव्हता, गाडीवर असावा. शेवटी तो गेटासमोर लिंबाखाली उभा राहिला. मे महिन्याचं ऊन, पायातली चप्पल भाजत होती. पायल एकदा खिडकीशी येऊन गेली. त्यानं तिकडं पाहिलं नाही.

तीन तासांनी एक मोटारसायकल करकचून थांबली. मागून सूरज उतरला. तोंड धुळीनं भरलेलं, काखेत प्लॅस्टिकची फाईल. त्यात दाखले होते, यादीत नाव आल्याचा कागद होता. साहेबांना दाखवायला आणले असावेत बिचाऱ्यानं.

कडूबा धावला. "परत फिर. आत्ताच्या आत्ता फिर."

"बाबा, तुमाला सोडलं?" सूरजनं बापाला वरून खाली चाचपलं. "मारलं का? खरं सांगा."

"न्हाई मारलं. ऐक माझं. त्यांना म्या नको, तू पायजेस. तू आत गेलास की नाव चढलं. मंग तुझी नोकरी गेली, समदं गेलं."

सूरज शांतपणे ऐकत होता. तो उंचीनं बापाहून वीतभर वर गेला होता. "बाबा, त्या रात्री म्या घरी होतो. मायला इचारा, तुमी बी होते. म्या काही केलंच न्हाई, मंग पळू कशापायी? पळालो तर चोर ठरंन."

"पोरा, तसं नसतं ते."

"कसं नसतं? तुमीच तर सांगत आलात. कारण सांगावं लागतं, कागद करावा लागतो, कोर्टापुढं न्यावं लागतं. लहानपणापून ऐकून राह्यलो. हाय की कायदा."

कडूबाला म्हणायचं होतं की कायदा आहे, पण तो बाकड्यावर लागू नाही. म्हणायचं होतं की म्या तुला अर्धंच शिकवलं, मला अर्धंच ठाऊक होतं. पण एकोणीस वर्षांचं पाठांतर पोराच्या तोंडून असं भरभर आलं आणि त्याची जीभच उचलेना. त्यानं दोन्ही हातांनी सूरजचं मनगट धरलं. जन्मात त्यानं कुणाला धरलं नव्हतं, त्यालाच सगळ्यांनी धरलेलं. सूरजनं एकेक बोट हलकेच सोडवलं, फाईल सावरली आणि पायऱ्या चढून आत गेला.

कडूबा त्याच्यामागं निघाला, तर दारातल्या शिपायानं हात आडवा केला. "तुमाला सोडलं ना? आता काय काम?"

"म्या त्याचा बाप. त्याचं काय होतंय ते मला कळवा. घरच्याला कळवावं लागतं."

"काय कळवू?" शिपाई म्हणाला. "त्याला अटक कुठं केलीय अजून."